कस्तुराची वळकटी

“माई, या पोरीला घरी पाठवू, की मीच जाऊ?”

दमयंतीबाईंनी ओसरीची पायरी चढता चढताच विचारलं. नमस्कारसुद्धा राहिला.

माई डाळ निवडत होत्या. टेकडीवरच्या आश्रमात त्या सगळ्यांच्या गुरू. शाळाही त्यांनीच काढलेली. त्यांनी वर पाहिलं, पुन्हा सुपात पाहिलं.

“कोणती पोर?”

“कस्तुरा. दुसरी कोण असणार? काल पाटी भिरकावली, बाक आडवा केला, मला चावली. आणि मी…”

बाईंनी पदर सावरला.

“मी तिच्या थोबाडीत मारली, माई. इतकी वर्षं शिकवतेय, कधी पोराला बोट लावलं नव्हतं.”

दमयंतीबाई म्हणजे शाळेतल्या मानाच्या बाई. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी ख्याती. आता त्याच वर्गातून किंकाळ्या येत होत्या. कुणाला कळू नये म्हणून बाई दार लावून शिकवायच्या.

शेवटी त्यांनीच पोरीच्या मामाला निरोप धाडला. दुपारच्या एसटीनं तो यायचा होता. कस्तुराची वळकटी बांधून ओसरीवर आणून ठेवलेली. एकदा मामाच्या घरी गेली की शाळा संपली. मामीची पोरं सांभाळायची नि गोठ्यातलं शेण काढायचं. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“काहीतरी उपाय सांगा, माई. मंत्र सांगा, अंगारा द्या, काहीही द्या.”

“मला ठाऊक नाही.”

“तुम्हाला ठाऊक नाही?”

“मी कुठं तिला शिकवते? बाकीच्यांना विचारलंस?”

बाईंचा चेहरा उतरला. तोच तर काटा सलत होता.

“सहज म्हणून विचारलं. कस्तुरा बरी आहे ना, म्हटलं. सगळे म्हणाले, छान आहे. म्हणजे खोट माझ्यातच ना?”

“बोलाव सगळ्यांना.”

आले. गणिताचे बारटक्के गुरुजी, भूगोलाच्या रेवूताई आणि गाण्याचे केरोबा बुवा. तिघेही सतरंजीवर बसले. दमयंतीबाई मात्र बसेनात. खांबापाशी जात, पायरीशी येत, खालच्या रस्त्याकडे बघत.

“कस्तुरा तुमच्याकडे कशी असते?” माईंनी विचारलं.

“माझ्या तासाला? गरीब गाय आहे हो!” बारटक्के गुरुजी म्हणाले आणि बाईंकडे हळूच पाहून घेतलं. “शेवटी ज्याचा त्याचा वचक असतो.”

“माझ्याकडेही काही त्रास नाही,” रेवूताई म्हणाल्या.

“गोड गळा आहे पोरीचा,” बुवा म्हणाले आणि सतरंजीची दशी ओढत बसले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं दमयंतीबाईंना झालं.

माईंनी सूप बाजूला ठेवलं. उठल्या. वळकटी उचलली आणि सरळ बारटक्के गुरुजींच्या मांडीवर नेऊन ठेवली.

“हे काय, माई?”

“गाय तुमची ना? मग आजपासून ती दिवसभर तुमच्याच वर्गात बसेल. दमयंती सुटली, पोरही सुटली.”

“तसं… म्हणजे… रेवूताईंकडे जास्त रमेल ती,” म्हणत गुरुजींनी वळकटी शेजारी सरकवली.

अंगावर विंचू पडावा तशी रेवूताईंनी ती झटकली. “छे गं बाई! बुवांकडे द्या. गाण्यानं मन शांत होतं म्हणतात.”

बुवांनी वळकटी धरली. खाली ठेवावी की घेऊन बसावं, त्यांना काही कळेना.

“तिनं माझी पेटी लाथेनं उलथवली,” बुवा म्हणाले. “भाता फाटला. उंदरानं कुरतडला, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो.”

“मी तिला पाणी आणायला पाठवते,” रेवूताई पुटपुटल्या. “रोज. तास संपेपर्यंत येऊ नको म्हणून सांगते.”

सगळ्यांनी बारटक्के गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

“बाहेर बसवतो,” ते म्हणाले. “चिंचेखाली.”

“बरोबरच आहे,” माई म्हणाल्या. “गाय झाडालाच बांधतात.”

दमयंतीबाईंचा मात्र भडका उडाला. “शरम वाटत नाही तुम्हाला? मी उशीत तोंड खुपसून रडतेय, आणि तुम्ही मला वचक शिकवताय!”

“तुम्ही तरी कुठं सांगितलंत, बाई?” रेवूताईंचेही डोळे भरले. “बरी आहे ना, एवढंच विचारलंत. मला वाटलं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे, मलाच काही येत नाही.”

“भांडण नंतर करा,” माई म्हणाल्या. “मामा वाटेवर आहे. बुवा, पेटी उलथवली त्याच्या आधी काय झालं होतं?”

“आधी? आधी काही नाही. गात होती. अंतऱ्यात चुकली, म्हणून मी थांबवलं.”

“गुरुजी?”

“गणित सोडवत होती. वेळ संपली, मी पाटी काढून घेतली. शिस्त म्हणजे शिस्त.”

“माझ्याकडे नकाशा रंगवत होती,” रेवूताई म्हणाल्या. “घंटा झाली, मी तो गुंडाळला.”

दमयंतीबाईंची येरझार थांबली.

“काल धडा उतरवत होती,” त्या म्हणाल्या. “दोनच ओळी राहिल्या होत्या. मी म्हटलं, पुरे आता…”

“आणि शांत कधी असते?” माईंनी विचारलं.

“अंगण झाडताना,” बुवा म्हणाले. “पार कुंपणापर्यंत झाडू दिलं, की गुणगुणते.”

मग चौघांची डोकी एकत्र आली. घंटेच्या आधीच तिला सांगायचं, ‘कस्तुरा, आता एवढंच राहिलं.’ चौघांनीही हेच शब्द वापरायचे. उरलेलं काम तिचं तिला पुढच्या तासाला द्यायचं. तरीही बिथरली, तर बुवांनी येऊन तिला अंगण झाडायला न्यायचं. हात उगारायचा नाही, विहिरीवर धाडायचं नाही. आणि काल थोबाडीत मारल्याबद्दल बाईंनी आधी तिच्याशी बोलायचं.

“हे नुसते लाड आहेत,” बारटक्के गुरुजी म्हणाले.

“असतील. एकादशीपर्यंत करून बघा.”

“आणि नाही जमलं तर?” दमयंतीबाईंनी विचारलं.

“तर आपण चुकलो. पुन्हा बसू.”

एवढ्यानं कुठं जीव थाऱ्यावर येतो! चुकलो तर पुन्हा किंकाळ्या, पुन्हा तो उगारलेला हात. बाईंना आपल्याच हाताची भीती वाटत होती. त्यांनी तो पदराखाली दाबून धरला.

खाली एसटी थांबली. थोड्या वेळानं घामाघूम झालेला मामा टेकडी चढून वर आला.

“कुठाय ती कार्टी? कुणाला छळते?”

“मला,” दमयंतीबाई पुढे झाल्या. “मीच निरोप धाडला होता.”

“मलाही,” रेवूताई म्हणाल्या.

“आणि मला,” बुवा म्हणाले.

बारटक्के गुरुजी खाकरले. खांबाकडे बघत म्हणाले, “मलाही… थोडाफार.”

मामानं कपाळावर हात मारला. “अरे देवा! चौघांनाही? आणा इकडं ती वळकटी, आत्ताच्या आत्ता नेतो तिला!”

माईंनी वळकटीवर हात ठेवला.

“एकीला छळत होती, तेव्हा तुम्हाला बोलावलं. आता चौघांना छळते. राहू दे तिला.”