नातालीनच्या दारातला काळा कुत्रा

एक होती कोळीण. नातालीन तिचं नाव. एकदा काय झालं, वादळात तिचा नवरा होडीसकट बुडाला. दोन होड्या एकाच दोराने बांधलेल्या होत्या. शेजारचा कोस्तान दुसऱ्या होडीत होता. नवऱ्याची होडी बुडायला लागली, तसा त्याने स्वतःचा जीव वाचवायला दोर कापला. नातालीनला हे कळलं. मग ती भर दुपारी वाळूत उभी राहिली आणि म्हणाली, "कोस्तानचं सगळं जावो."

तेवढ्यात पाण्यातून एक काळा कुत्रा बाहेर आला, बरं का. मांजराएवढा. त्याला सावलीच नव्हती. तो तिच्यामागून आला नि उंबऱ्याशी बसला.

मग कोस्तानच्या कोंबड्या मेल्या. नातालीनला बरं वाटलं. कुत्रा वासराएवढा झाला. मग कोस्तानची शेळी मेली. आता मात्र नातालीन घाबरली. तिने कुत्र्याला हाकललं, दार लावलं. वळून बघते तर तो चुलीपाशी बसलेला, म्हशीएवढा.

मग तिन्हीसांजेला देवळाची, म्हणजे चर्चची, घंटा झाली. कुत्रा उठला आणि कोस्तानच्या घराकडे निघाला. तिथे झोळीत कोस्तानची तान्ही पोर निजली होती.

नातालीन धावली. पोचली तर कुत्र्याचं तोंड झोळीवर, आणि कोस्तान भिंतीला चिकटून उभा. तिने पोरीला ओढून छातीशी धरलं. कुत्र्याला म्हणाली, जा माघारी.

कुत्रा माणसासारखा बोलला. "तूच बोलावलंस. माफ केल्याशिवाय मी जात नाही."

"केलं माफ," ती घाईने म्हणाली.

कुत्र्याने दात दाखवले. माफी नुसती ओठांवरची आहे, हे त्याला कळतं, बाळांनो.

मग तिने कोस्तानकडे पाहिलं. मान खाली घालून तो सांगत होता, की त्या लाटांत तो फार भ्याला होता, आणि ज्या हातांनी दोर कापला ते हात त्याला झोपू देत नाहीत. नातालीनला येशू आठवला, क्रूसावर खिळे ठोकणाऱ्यांनाही माफ करणारा. ती मनात म्हणाली, प्रभू, मला जमत नाही, तू बळ दे. मग तिला रडू फुटलं. रडत रडत म्हणाली, "कोस्तान, माझ्या मनात आता तुझ्याविषयी काही नाही रे."

तसा कुत्रा लहान होत गेला. होता होता त्याचं खारं पाणी झालं आणि दाराखालून वाहून गेलं.

नवरा काही परत आला नाही. तो देवाघरी. पण कोस्तान रोज पहिली मासळी नातालीनच्या दारी ठेवायचा, आणि ती पोर तिचं बोट धरून चालायला शिकली. दोन्ही घरं सुखात राहिली.

चला, कपाळावर क्रूस करा, पांघरूण घ्या आणि निजा.