काहिलीवर थांबलेला श्वास

उदबत्तीचा धूर सरळ वर जातो असे आपण म्हणतो. पण आंबेघोलच्या मठात सहजगिरी महाराजांपुढे बसून नीट पाहिले, तर तो तसा जात नसे. महाराज श्वास आत घेत तेव्हा धुराची रेघ किंचित त्यांच्याकडे झुके आणि सोडत तेव्हा त्याच्या दुप्पट वेळ दूर कलत राही. मध्ये श्वास रोखलेला असे, तेवढा वेळ ती निश्चल उभी राही. गेनूने हे टिपले होते, कारण त्याला सारखी पेंग येई आणि ती टाळण्यासाठी तो एकाच गोष्टीकडे टक लावून बसे.

गेनू गुऱ्हाळावरचा जळव्या. काहिलीखालच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईखालच्या, चुलवाणात उसाची वाळली चिपाडे सारत राहायची, हे त्याचे काम. वर झारा घेऊन उभा असे गुळव्या म्हादबा. रस गुळाला कधी आला हे त्याच्याइतके अचूक कुणी ओळखत नसे, आणि तसे तो स्वतःच सर्वांना सांगे. त्याला मूलबाळ नव्हते. ही विद्या कुणाला देणार, असे मालक तीन हंगाम विचारत होते. "बघू म्होरल्या साली," एवढेच उत्तर. गेनूला ती शिकायची फार ओढ. पण धगीपुढे त्याचा डोळा लागे, जाळ मंदावे. त्या वर्षी काहिलीभर रसाची दोन आधणे बिघडली. तिसरे बिघडले तर घरी जा, असे म्हादबाने बजावले.

"महाराज, देवाचं नाव घेतो, तरी झोप येती," गेनू रडकुंडीला येऊन म्हणाला.

महाराज हसले. "अरे, नाव घ्यायला तरी जागा राहायला हवास ना! पहाटे पाठ ताठ ठेवून बस. डाव्या नाकपुडीने श्वास घे, उजवीने सोड. मग उजवीने घे, डावीने सोड. सोडताना दुप्पट वेळ. ओढाताण करू नकोस, वासराला हाताळतोस तसा श्वासाला हाताळ. आणि दुपारी एक भाकरी कमी खा."

महिन्याभरात, रसावरची मळी काढावी तसे गेनूचे डोके निवळले. म्हादबाला मात्र आयतेच कोलीत मिळाले.

"काय रं योगीराज! नाक दाबून गूळ व्हतोय व्हय? तुझा म्हाराज नाकातनं जाळ काढतोय का, इचार की!"

सगळे हसले. गेनू चिपाडे सारत राहिला.

हंगाम संपत आला, उसाचे ढीग पडले. झारा दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, म्हणून म्हादबा तीन दिवस जवळजवळ न झोपता उभा होता. चौथ्या दुपारी बाकीचे जेवायला गेले असताना गेनूने वर पाहिले. म्हादबाची हनुवटी छातीला टेकली होती आणि तो उभ्या उभ्या उकळत्या रसाकडे कलत होता. त्याच क्षणी फेस फुगून काठावर आला. महिन्यापूर्वी या वेळी गेनू घोरत असता!

"महाराज!" तो ओरडला आणि धावला.

काय सांगावे! काठाच्या बोटभर वर आलेला फेस जागच्या जागी थांबला. एक बुडबुडा फुटेना, कसला आवाज येईना. गेनूने वर चढून म्हादबाच्या कमरेला मिठी घातली, त्याला मागे ओढले आणि दोघे चिपाडांवर कोसळले. मग कुठे तो फेस लांब उसासा टाकावा तसा हळूहळू खाली बसला. थेंबही सांडला नाही. पडताच जागा झालेल्या म्हादबाने उघड्या डोळ्यांनी ते पाहिले.

संध्याकाळी दोघे मठात आले. एक सेवेकरी सांगू लागला, "दुपारी महाराजांनी अचानक श्वास रोखला. आमचं अख्खं स्तोत्र म्हणून झालं, तरी सोडीनात! आमचा जीव टांगणीला लागला."

"जागा होता तो गेनू," महाराज म्हणाले. "मी नुसता जरा थांबलो. म्हादबा, तीन दिवस का रे झोपला नाहीस?"

म्हादबाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. उठला तेव्हा डोळे पुसून तो गेनूकडे वळला.

"गेन्या, उद्यापासनं झारा तुझ्या हातात. मी खाली जाळाला बसतो."