कवडी शेळी आणि दोन बाळं

फार फार वर्षांपूर्वी, ज्या काळी राजाचा हुकूम ढोल वाजवत पायी पायी गावोगाव हिंडायचा, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी जवळ सरकून ऐकावी. मोठ्यांनी हातातलं काम करता करता ऐकली तरी चालेल.

डोंगराच्या पायथ्याशी एक छोटंसं घर होतं. कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. एका अंगाला शेळ्यांचं खोपट, दुसऱ्या अंगाला कोंबड्यांचं खुराडं. घरात माणसं तीनच: धोंडजी, त्याची बायको येसू आणि त्यांची मुलगी तानी. पण सकाळचा गलबला ऐकला तर वाटावं, इथं लग्नाचं वऱ्हाड उतरलंय! तानीनं खुराड्याचं दार उघडलं, की कोंबड्या एकमेकींच्या अंगावरून उड्या मारत बाहेर पडायच्या. करडं चारी पाय एकदम उचलून उडायची. आणि तांबडा कोंबडा छपरावर चढून बांग द्यायचा, मग उतरायची वाट विसरून तिथंच आरडाओरडा करत बसायचा.

या घरात एक शेळी होती. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. तिचं करडू मोठं होऊन पाला खायला लागलं होतं, तरी कवडीचं दूध काही कमी झालं नव्हतं. ते दूध घरात कुणी पीत नसे. ते होतं शेजारच्या महादू बुरडाच्या बाळासाठी.

महादू टोपल्या विणायचा. बाळंतपणात त्याची बायको गेली आणि इवलंसं पोर त्याच्या ओंजळीत राहिलं. तेव्हा येसूच त्याच्या झोपडीत गेली होती. म्हणाली, "महादूभावजी, रडायला सारा जन्म पडलाय. आधी हे लेकरू इकडं द्या."

सुरुवातीला ती बाळाला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजायची. एके दिवशी बाळानं चुळबुळ करत थेट कवडीचं सडच तोंडात धरलं. सगळे घाबरले, आता ही लाथ मारणार! पण कवडी हलली नाही. मान वळवून तिनं बाळाचं डोकं हुंगलं आणि शांत उभी राहिली. त्या दिवसापासून बाळाची वेळ झाली, की कवडी महादूच्या झोपडीकडे तोंड करून ओरडायची.

असं चाललं असताना एका सकाळी वाटेवर ढोल वाजला. ढम् ढम् ढम्! कोंबड्या पळाल्या, करडं खोपटात शिरली, तानी मात्र ढोलाकडेच धावली.

दवंडीवाला ओरडत होता, "ऐका हो ऐका! तान्हे युवराज आजारी आहेत. त्यांना कोणतंच दूध पचत नाही. राजवैद्यांनी सांगितलंय, डोंगरपाला खाणाऱ्या शेळीचं ताजं धारोष्ण दूध हवं. ज्याच्या शेळीचं दूध युवराजांना मानवेल, त्याला महाराज अख्खा डोंगर चराईला देतील, पाण्याच्या टाक्यासकट!"

अख्खा डोंगर! धोंडजीच्या हातातली कोयती खाली पडली.

"येसू! ऐकलंस का? आपलीच कवडी! तिच्यासारखं दूध मुलखात नाही!"

तानी अंगणात गिरक्या घेऊ लागली. "आबा, मग आपल्याकडे खूप शेळ्या येतील? टाक्यापाशी कोंबड्यांना नवीन खुराडं बांधू?"

"खुराडं काय, दगडी खोपट बांधू! उन्हाळ्यात पाल्यासाठी वणवण नाही, पाण्यासाठी पायपीट नाही!" धोंडजीनं तानीला उचलून खांद्यावर घेतलं. कोंबडा छपरावरून ओरडू लागला. येसूसुद्धा हसली. कोण हसणार नाही? पण हसता हसता ती थांबली.

"अहो, आणि बाळ?"

"त्याला दुसऱ्या शेळीचं दूध देऊ."

"कुठल्या? बाकीच्या गाभण आहेत, नाहीतर आटल्यात. म्हातारी शेळी चूळभर देते."

"अगं, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बाळाला दिवस कळत नाहीत हो. त्याला भूक कळते."

तेवढ्यात महादू बाळाला घेऊन आला. ढोल त्यानंही ऐकला होता. तो कुंपणाशीच उभा राहिला आणि म्हणाला, "न्या दादा कवडीला. तुमच्या घरी चांगले दिवस येतायत. माझ्या पोराचं मी बघेन काहीतरी." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

त्याचं फिरवलेलं तोंड येसूनं पाहिलं. धोंडजीनं फक्त त्याचे शब्द ऐकले. बाळाचं सकाळचं पोट भरताच त्यानं कवडीच्या गळ्यात नवी दोरी बांधली आणि तो निघाला. पुढे धोंडजी, मागे कवडी. ती दर वळणावर मागे बघून ओरडत होती. धोंडजीच्या डोळ्यांपुढे मात्र हिरवागार डोंगर होता.

राजवाड्याच्या चौकात जाऊन बघतो तर काय, मुलखातल्या शेळ्या जमल्या आहेत! एकीनं तोरण खाल्लंय, एक कारंज्याच्या कठड्यावर चढलीय, एक कारभाऱ्याच्या उपरण्याचं टोक चघळतेय. राजवैद्यानं एकेका शेळीचं तोंड हुंगलं, कास चाचपली आणि कवडीपाशी तो थांबला.

"हिच्या तोंडाला डोंगरपाल्याचा वास आहे. हीच घ्या!"

धोंडजीची छाती फुगली. सोन्याचा वाडगा आला. मोलकरीण धार काढायला बसली. थेंब नाही! दुसरी बसली. कवडीनं लाथ मारली, वाडगा खणखणत पायऱ्यांवरून खाली गेला. मग धोंडजी स्वतः बसला. त्यानं पाठ थोपटली, नावानं हाक मारली. कवडीची कास भरून दगडासारखी झाली होती, तरी ती पान्हा सोडेना. वाटेकडे तोंड करून नुसती ओरडत राहिली.

आतून युवराजाचं रडणं ऐकू आलं. अगदी बारीक, दमलेलं रडणं. इतक्यात राणी स्वतःच चौकात आली. तिचे केस विस्कटले होते आणि पायात काही नव्हतं.

"बाबा रे, तुझी शेळी दूध का देत नाही?"

धोंडजीला कारण माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. पण आता त्या आईच्या डोळ्यांत बघताना त्याला डोंगर दिसेना. दिसलं महादूचं फिरवलेलं तोंड.

"राणीसाहेब," तो खाली मान घालून म्हणाला, "ही एका बिनआईच्या बाळाला पाजते. त्याच्यापासून मी हिला तोडून आणली. ही त्यालाच हाका मारतेय."

"मग ते बाळ आता काय पीत असेल?" राणीनं विचारलं.



तिकडे घरी काय झालं होतं? दुपार झाली. बाळाला भूक लागली. येसूनं म्हाताऱ्या शेळीचं चूळभर दूध बोळ्यानं पाजून पाहिलं. ते पुरलं नाही. बाळ रडून रडून लाल झालं. महादू त्याला खांद्यावर घेऊन अंगणात येरझारा घालत होता, आणि त्याच्याच डोळ्यांतून पाणी गळत होतं.

येसू उठली. पदर खोचला. "चला भावजी!"

"कुठं वहिनी?"

"कवडी जिथं आहे तिथं. ती राजवाड्यात असेल तर बाळही राजवाड्यात जाईल. तानी, कोंबड्या गोळा कर! घर रिकामं ठेवलं तर कोल्हा एक पीस मागे ठेवायचा नाही."

गाभण शेळ्यांना खोपटात पाला टाकून दाराला अडसर घातला. कोंबड्या टोपलीत, कोंबडा सगळ्यांवर, वरून फडकं! टोपली तानीच्या डोक्यावर, बाळ येसूच्या झोळीत, आणि निघाली वरात! ओढ्यातून पळाले, बाभळीच्या रानातून पळाले. वाटेत एका कुंभाराची गाडी दिसली. "दादा, लेकराच्या पोटाचा सवाल आहे!" येसू ओरडली. कुंभारानं मडकी सरकवून जागा केली आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. गाडी अशी उधळली, की मडकी खडखडली, कोंबड्या कलकलल्या आणि बाळ क्षणभर रडायचंच विसरलं.

सूर्य कलायला लागला तेव्हा गाडी राजवाड्याच्या दारात पोचली. पहारेकऱ्यानं भाला आडवा केला.

"ए बाई, कुठं निघालीस?"

"माझ्या शेळीकडं."

"आत आहेत त्या शेळ्या आता महाराजांच्या!"

"शेळी असेल महाराजांची. दूध या लेकराचं आहे. वाट सोड!"

पहारेकरी काही हलेना. तेवढ्यात तानीच्या टोपलीवरचं फडकं सुटलं. तांबडा कोंबडा फडफडत थेट पहारेकऱ्याच्या पागोट्यावर बसला! मागून साऱ्या कोंबड्या बाहेर. भाला पडला, पागोटं सुटलं, दुसरा पहारेकरी कोंबड्यांमागे धावला. येसूनं संधी साधली आणि ती बाळाला छातीशी धरून आत पळाली. महादू तिच्या मागे.

बाळानं पुन्हा सूर लावला होता. चौकातल्या कवडीनं तो ऐकला. तिनं कान टवकारले, एक हिसडा दिला, दोरी तटकन तुटली. लोक बाजूला झाले. कवडी धावत आली आणि येसूच्या पुढ्यात पाय रोवून उभी राहिली. बाळानं सड तोंडात धरलं आणि सगळा चौक गप्प झाला. फक्त चुटूचुटू आवाज येत होता.

आणि काय सांगू! कवडीनं असा पान्हा सोडला, की दुसऱ्या सडातून धार आपोआप फरशीवर पडू लागली.

"वाडगा! वाडगा आणा!" वैद्य किंचाळला.

कारभारी पुढे आला. त्याच्या उपरण्याचं टोक अजून ओलं होतं. "थांबा! युवराजांच्या आधी बुरडाचं पोर? आणि एकाच शेळीचं दोघांना? हे रीतीला धरून नाही."

येसूनं वर पाहिलं. ती दमली होती, धुळीनं माखली होती, पण तिचा आवाज खणखणीत होता. "कारभारी, शेळीला सडं दोन आहेत. देवानं एकच दिलं असतं, तर आपण भांडलो असतो."

राणी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली आणि हसता हसता रडली. तिनं दुसऱ्या कुणाला पुढे येऊ दिलं नाही. स्वतः फरशीवर बसून तिनं वाडगा धरला. तानी कोंबड्यांची पिसं केसांत घेऊन धावत आली आणि तिनं धार काढली.

युवराजाला दूध पाजलं. आता?  आजवर प्रत्येक दूध त्यानं लगेच ओकून टाकलं होतं. वैद्य टक लावून बघत राहिला. कोंबडासुद्धा कुठंतरी गप्प बसला होता. युवराजानं तोंड वेडंवाकडं केलं, एक ढेकर दिला आणि मूठ चोखत तो झोपी गेला.

मग जो जल्लोष उसळला! नगारे वाजले, शेळ्या उधळल्या, वैद्यानं कारभाऱ्याला मिठी मारली.

त्या गोंधळात धोंडजी महादूपाशी गेला. त्याचे हात धरून म्हणाला, "महादू, तू 'न्या' म्हणालास आणि मी खरंच नेली. डोंगराच्या नादात मी तुझ्या लेकराकडं पाहिलंच नाही."

 महादूनं पोट भरलेलं बाळ उचललं आणि धोंडजीच्या हातात दिलं.

जल्लोष ऐकून राजाही चौकात आला आणि म्हणाला, "शेळी इथंच ठेवा." त्यावर राणी म्हणाली, "नको. ती जिथला पाला खाते तिथंच मी युवराजाला घेऊन जाते." आणि खरंच, दुसऱ्याच दिवशी कुडाच्या घराशेजारी राणीचा तंबू उभा राहिला. सकाळ-संध्याकाळ कवडी दोन बाळांना पाजू लागली. राणी तानीबरोबर कोंबड्यांना दाणे टाकायला शिकली, आणि कोंबडा एकदा तंबूवर चढला तेव्हा त्याला उतरवायला तीच धावली.

युवराज गुटगुटीत झाल्यावर राजानं बोललेला डोंगर दिला. धोंडजी हात जोडून म्हणाला, "महाराज, एकट्या माझ्या नावानं नको. त्यावर महादूलाही टोपल्यांसाठी बांबू तोडता यावा, आणि ज्याच्या घरी तान्हं आहे त्याच्या शेळीला तिथं आधी चरू द्यावं." राजानं तसा हुकूम दिला. तेव्हापासून त्या डोंगराखालच्या गावात एकही लेकरू दुधावाचून रडलं नाही.

तात्पर्य: आपल्या दारी भाग्य येईल तेव्हा आपल्या आधारावर जगणाऱ्याला सोबत घेऊन त्याच्या स्वागताला जावं, कारण दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून आणलेलं सुख कुणाच्याच अंगी लागत नाही.