फोडणी सोडलेलं घर

फार पूर्वी, शेजारची भाजी नाकाआधी कानाला कळायची त्या काळी, एका गावात एक माळीण राहत होती. सांज झाली की आळीभर मोहरी तडतडायची, भाजी चुर्र करायची. ते आवाज आता कुठे गेले कोण जाणे!

माळिणीचा नवरा दूरदेशी गेला. तो सुखरूप यावा म्हणून ती देवाला नवस बोलली, "धनी घरी येईपर्यंत माझ्या चुलीवर तेल-तूप चढणार नाही."

मळ्यात माठ, मेथी, शेवग्याचा पाला, कशालाच तोटा नव्हता. पण सगळं नुसतं मिठाच्या पाण्यात उकडलेलं. वर्ष सरत आलं आणि तिची लेक दिवेलागणीला उंबऱ्याशी अडखळू लागली. दिवसा ठीक, पण अंधारू लागलं की समोरचा तांब्याही तिला सापडेना. माळीण घाबरली आणि दुप्पट पाला उकडू लागली. पोरगी बिचारी मुकाट्याने गिळायची. गुण काही येईना.

एक दिवस शेजारची तेलीण आली. "अगं, तुझ्या घरातनं चुर्र ऐकून वर्ष झालं. चूल रुसली की काय?"

माळिणीने सगळं सांगितलं.

तेलीण म्हणाली, "भाजीतलं सत्त्व तेलाचा हात धरून अंगात शिरतं गं. एकटं आलं तर आल्या पावली परत जातं. पोरीला पळीभर तेल तरी दे."

"आणि नवस मोडून ह्यांना काही झालं तर?" माळिणीला रडू फुटलं.

"नवस कोण बोललं? तू की तुझी लेक? तू तो आपल्या ताटापुरता पाळ, देव समजून घेईल."

त्या सांजेला माळिणीने चुलीवर दोन भांडी मांडली. लेकीच्या भाजीला तेलाची फोडणी घातली, आपली तशीच उकडली. चुर्र आवाज झाला तशी लेक टाळ्या पिटत आत आली.

दोन-तीन महिने गेले. एका सांजेला लेक अंगणातून ओरडली, "आई, बाबा आले! ते बघ, बांधावरून येतायत!"

माळीण धावत बाहेर आली. डोळे ताणताणून पाहू लागली. "कुठं गं? मला तर काहीच दिसत नाही."

लेकीने आईचा हात धरला आणि तिला बांधापर्यंत नेलं.

त्या दिवशी माळिणीच्या चुलीवर भाजीचं एकच भांडं चढलं. त्याची फोडणी तेलिणीने आपल्या ओट्यावरून ऐकली आणि पदराने डोळे पुसले.

तात्पर्य: त्याग करावा, पण बेताने, आणि तोही आपल्याच ताटातला. भाजीला पळीभर तेलाची सोबत मिळाली, तरच ती डोळ्यांपर्यंत पोचते.