बुवांच्या गाडीची टाकी

“पण बुवा, रिकाम्या टाकीला एवढं काय भ्यायचं?”

विश्वंभरनं गाडीखाली उताण्या उताण्याच विचारलं.

रेवणबुवा शेडच्या दाराशी बसले होते. ही जुनी गाडी त्यांनी उभ्या मुलखात फिरवली होती. कुणाचं भांडण मिटवायला, कुणाच्या अंत्यसमयी उशाशी बसायला. आता टाकी गंजून गळू लागली होती. गळकी गाडी रस्त्यावर काढायची नाही, टाकी घरीच उतरवायची, असं बुवांनी ठरवलं. बॅटरीची वायर त्यांनी स्वतः सोडली. काढलेलं पेट्रोल डब्यांत भरून लांब बांधावर नेऊन ठेवायला लावलं.

“भरलेली होती तेव्हा मी एवढा भीत नव्हतो,” बुवा म्हणाले.

विश्वंभर मनाशी हसला. चालतं कापडदुकान भावाच्या हवाली करून तो इथं आला होता. सगळं सोडून आपण रिकामे झालो, असं आल्यागेल्याला सांगायचा. बुवांच्या साध्या बोलण्यातही त्याला काहीतरी खोल सापडायचं.

“कळलं, बुवा. मला म्हणताय.”

“टाकीला म्हणतोय. पेट्रोल गेलं, वाफ आत राहिली. ती पेटते.”

...

“खाली जॅक लाव. वर फळी ठेव. मग पट्टी सोड.”

“हलकी आहे हो! एका हातानं धरतो.”



टाकीच्या पट्टीचा बोल्ट गंजून घट्ट बसला होता. विश्वंभरनं पाना लावून सगळा जोर दिला. बोल्ट कटकन तुटला. पट्टी सुटली, टाकी एका अंगाला कलंडून थेट त्याच्या छातीवर आली. तळाशी राहिलेलं पेट्रोल नळीच्या तोंडातून भळभळ वाहिलं. सदरा भिजला, गळा भिजला. नाकाडोळ्यांत वास भरला.

“बुवा!”



मान वळवून पाहिलं, तर बुवांचे अनवाणी पाय पळत होते. त्याच्याकडं नाही. उताराकडं.

शेडच्या खालच्या अंगाला, पंधरा-वीस पावलांवर, उघड्या दाराची देवळी होती. पेट्रोलचा ओघळ त्याच वाटेनं निघाला होता. आणि देवळीत अखंड दिवा तेवत होता.

तो दिवा बुवांच्या गुरूंनी लावलेला. जाताना त्यांनी तो बुवांच्या ओटीत घातला होता. त्या दिव्यापायी बुवा कधी परगावी मुक्कामाला राहिले नाहीत. तापानं फणफणलेले असतानाही भिंत धरून उठायचे आणि तेल घालायचे. वादळात छप्पर उडालं, तेव्हा रात्रभर दिव्याला पाठीचा आडोसा करून बसले होते. पंचक्रोशीत लोक बुवांना त्या दिव्यावरूनच ओळखत.

बुवा देवळीपाशी पोचले. थांबले नाहीत, हात जोडले नाहीत. दोन बोटांनी जळती वात चिमटीत धरली आणि चुरगाळली.

धुराची एक बारीक रेघ वर गेली...

मग ते परत आले. गाडीखाली हात घालून त्यांनी टाकीची एक कड उचलून धरली.

“सरक बाहेर. सावकाश.”

विश्वंभर सरपटत बाहेर आला. बुवांनी त्याला विहिरीवर नेलं, सदरा उतरवायला लावला, डोक्यावर घागरीमागून घागर ओतली. वारा लागून शेड मोकळी झाल्यावर दोघांनी मिळून टाकी ओढली आणि उघड्या माळावर नेऊन ठेवली.



विश्वंभरची नजर पुन्हा पुन्हा देवळीकडं जात होती. आतला काळोख त्यानं कधी पाहिलाच नव्हता. आपण काय सोडून आलो, हे तो वर्षभर सांगत होता. आणि या माणसानं जन्मभर जपलेलं एका क्षणात सोडलं. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

त्याला उभं राहवेना. ओल्या अंगानंच तो बुवांच्या पायांशी बसला. त्यांच्या बोटांवर फोड आले होते.

“बुवा... तुमच्या गुरूंच्या हातचा दिवा...”

“हं.”

“अखंड होता. माझ्यापायी खंडला.”



बुवा खांद्यावरच्या पंच्यानं त्याचं डोकं खसाखसा पुसत म्हणाले,

“खंडला कुठं? तू आहेस की.”