बिननंबरी रस्त्याचा गुन्हा

अख्ख्या तालुक्यात सरकारी नंबराचा एकही रस्ता नव्हता, आणि नंबर नाही म्हणून डांबर नाही. बाळंतपणासाठी झोळीतून नेलेली सून वाटेतच गेली, तेव्हा रुमशीबाई पाडवीने त्याच बिननंबरी, कच्च्या रस्त्यावर ठाण मांडलं.

तहसीलदारांनी तिला बोलावून दरडावलं, "बाई, सरकारी रस्ता अडवलास. गुन्हा दाखल करतो."

"करा की साहेब. तेवढा रस्त्याचा नंबर घाला कागदावर."

तहसीलदारांचं पेन थबकलं. "त्याला नंबर नाही."

"नंबर नाही म्हणून तो रस्ताच नाही, असं डांबर मागितलं तेव्हा तुम्हीच लिहून दिलंय. मग मी अडवलं तरी काय?"

कारकून गालात हसले. साहेबांनी कागद टराटरा फाडला.

रुमशीबाई मात्र हसली नाही. गुन्ह्याच्या निमित्ताने तरी तो रस्ता सरकारदरबारी नोंदला गेला असता.