लाल, बाद!

त्या राज्यात कूळ विचारल्याशिवाय कुणी कुणाला पाणीसुद्धा देत नसे. फक्त कबड्डीच्या मैदानावर कुणालाच कूळ नव्हते. तिथे कमरेला लाल किंवा निळा पट्टा बांधायचा, आणि पंच असलेली टिटवी त्या रंगानेच पुकारायची. हरीण असो की रेडा, तिच्या लेखी एकतर लाल, नाहीतर निळा. एरवी जिला कुणी विचारतही नसे ती शेळी मैदानावर 'लाल' होऊन ऐटीत फिरे. टिटवीला ते बघायला फार आवडे.

यंदा राजाचा पुतण्या, तरुण बिबट्या, लालांकडून उतरला. सामन्याआधी कारभारी कोल्हा मैदानाच्या कडेला, टिटवीच्या घरट्यापाशी येऊन उभा राहिला.

"टिटवीबाई, आज नुसतं लाल-निळं नको. 'श्रीमंत' म्हणायचं. आणि श्रीमंत शक्यतो बादच होणार नाहीत, एवढं बघा. अंडी उबवायला जागा छान मिळालीय हो तुम्हाला."

टिटवी अंड्यांवर आणखी दबून बसली. पण वेळ झाली होती, तिने सामना सुरू केला.

शेळी लवकरच बाद होऊन रेषेबाहेर जाऊन बसली. मग बिबट्या चढाईला गेला, आणि निळ्यांच्या घोरपडीने त्याचा घोटा धरला. घोरपडीने धरले म्हणजे धरलेच. बिबट्याचा दम तिथेच सुटला. टिटवीने एकदा घरट्याकडे पाहिले आणि नेहमीच्याच आवाजात ओरडली, "लाल, बाद!"

कोल्हा ताडकन उभा राहिला. बिबट्याही थबकला. जन्मापासून त्याला कुणी काकांचे नाव जोडल्याशिवाय हाक मारली नव्हती. त्याने कमरेच्या पट्ट्याकडे पाहिले आणि त्याला चक्क हसू आले. अंगावरचे ओझे उतरल्यासारखे त्याला वाटले.

"बाद तर बाद," तो म्हणाला. "कारभारी, खाली बसा. मागच्यांना दिसत नाही."

तो रेषेबाहेर शेळीशेजारी जाऊन बसला. ती घाबरून उठू लागली.

"बस गं," तो म्हणाला. "तू आधी बाद झालीस, आत जायची पाळी तुझी आधी."

पुढच्याच चढाईत लालांच्या अस्वलाने निळ्यांच्या माकडाला कवटाळले. टिटवी खणखणीत ओरडली, "निळा, बाद! लाल, एक गडी आत!"

शेळी उड्या मारत आत गेली. बिबट्या तिच्या रिकाम्या जागेवर सरकला, आणि आपली पाळी येईपर्यंत टाळ्या वाजवत बसला.